औंधचे श्री भवानी चित्रसंग्रहालय : भिंतीवरचा ठेवा आणि अजून भरायची प्रदर्शने

मूळपीठाच्या यमाईकडे जाणारी चढण अर्धी सरली की टेकडीच्या कुशीत श्री भवानी चित्रसंग्रहालय लागते. सातारा जिल्ह्यातल्या या औंधला येणारे बहुतेक लोक देवीसाठी आलेले असतात. दर्शन घ्यायचे, वरून खटावचा माळ डोळे भरून पाहायचा आणि उतरताना, पाय थकलेले आणि मुले कंटाळलेली असताना, संग्रहालयात डोकावायचे असा त्यांचा क्रम असतो. मी या वेळी क्रम बदलला. सकाळी आधी संग्रहालय पाहिले, ऊन कलल्यावर देवीला गेलो, आणि ज्याला चित्रांची थोडीही ओढ आहे त्याने असेच करावे, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. इथे जे आहे ते भिंतीवरून नुसती नजर फिरवत पुढे जाण्याजोगे नाही. या परीक्षणात मी आधी सध्याच्या मांडणीत काय पाहावे ते लिहितो, आणि मग त्याच ठेव्यातून कोणती छोटी, ठरावीक मुदतीची प्रदर्शने उभी राहू शकतील याचा विचार मांडतो. माझ्या मते या संग्रहालयाचे उद्याचे आयुष्य या दुसऱ्या गोष्टीवर अवलंबून आहे.

संग्रह कोणाचा, हे आधी लक्षात घेतले तर दालनांत फिरणे सोपे जाते. औंध संस्थानचे राजे भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म १८६८ चा. १९०९ मध्ये ते गादीवर आले आणि १९५१ मध्ये वारले. ते बी. ए. झालेले होते, कीर्तन करीत, सूर्यनमस्कारांचा प्रसार त्यांनी आयुष्यभर केला, आणि मुख्य म्हणजे ते स्वतः चित्रे काढीत. रामायणावरच्या त्यांच्या चित्रांचे पुस्तक १९१६ मध्ये निघाले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायचे ठरवले तेव्हा त्या कामाला भरघोस देणगी देणारे तेच होते, आणि त्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर चित्रकार म्हणूनही त्यांचेच नाव आहे. ही चित्रे ‘प्राचीन नमुन्यांवरून’ काढली आहेत अशी नोंदही तिथे आहे. अजिंठा आणि वेरूळ यांच्यावर त्यांनी पुस्तके लिहिली. संग्रहालय १९३८ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपवण्याची घोषणा केली. आपले राज्य आणि आपली चित्रे या दोन्ही गोष्टी एकाच सुमारास लोकांच्या हवाली करणारा दुसरा संस्थानिक मला तरी ठाऊक नाही.

हे सांगण्याचे कारण असे की या संग्रहामागची नजर चित्र काढणाऱ्याची आहे. वैभव दाखवण्यासाठी जमवलेल्या संग्रहात सोनेरी चौकटी आणि प्रसिद्ध नावे यांचे वजन जास्त असते. इथे राजा रविवर्मा आहे, पण त्याच्या शेजारी पहाडी आणि राजस्थानी लघुचित्रे आहेत, बंगाल शैलीची चित्रे आहेत, हस्तिदंतावरचे कोरीव काम आहे, कोल्हापूरच्या चित्रकारांचे काम आहे आणि हेन्री मूरचे शिल्पही आहे. ज्याने हे सारे एका छताखाली आणले तो रेषा कशी वळते, दगड कसा फोडला जातो, रंगावर रंग कसा चढतो हे शिकण्यासाठी वस्तू पाहत असणार, असे दालनांतून फिरताना वारंवार वाटते.

रविवर्म्याच्या ‘सैरंध्री’पासून सुरुवात करावी. प्रसंग महाभारताच्या विराटपर्वातला आहे. अज्ञातवासात द्रौपदी विराटाच्या राणीची, सुदेष्णेची, दासी होऊन सैरंध्री या नावाने राहिली आहे. राणीचा भाऊ कीचक तिच्यावर डोळा ठेवून आहे, आणि मद्य आणण्याचे निमित्त करून राणीच तिला त्याच्या महालाकडे धाडते. रविवर्म्याने आपल्या आयुष्यात पौराणिक नायिका पुष्कळ रंगवल्या, पण दमयंती किंवा शकुंतला यांच्या चित्रांत जी विरहाची गोड हुरहुर असते ती या विषयात असूच शकत नाही. इथे भीती आहे, अपमान आहे, आणि राणीची आज्ञा मोडण्याची सोय नाही.

मी चित्रासमोर उभा असताना नऊवारी नेसलेल्या एक आजी आपल्या नातीला घेऊन आल्या. मुलगी सात-आठ वर्षांची असावी. पाटी वाचण्याआधीच तिने विचारले, “आज्जे, ही बाई कुठं निघालीया गं?”

“निघाली न्हाय, धाडलीया तिला. राणीनं धाडलीया. तिच्या मनात न्हाय जायाचं.”

“मग न्हाय म्हणायचं की.”

“दासी हाय बाळा ती. दासीला न्हाय म्हणता येतंय व्हय?”

आजींनी पुढे पदराच्या टोकाने हवेतच चित्राची दृष्ट काढल्यासारखे केले आणि त्या पुढच्या चित्राकडे वळल्या. रविवर्म्याच्या चित्रकलेवर मी जे काही वाचले आहे त्यातले फार थोडे या चार वाक्यांइतके नेमके आहे. मनाविरुद्ध टाकलेले पाऊल हाच या चित्राचा विषय आहे, आणि कथा ज्यांच्या अंगवळणी पडलेली आहे त्यांना तो एका नजरेत कळतो.

कथा कळली की मग रंगाकडे जावे. रविवर्म्याच्या तैलचित्राजवळ, मर्यादेच्या दोरीपर्यंत, जाऊन वस्त्राच्या काठाकडे पाहावे. जी जरतार दुरून चमकते ती जवळून पिवळट, तपकिरी आणि मळकट पांढऱ्या रंगाचे आखूड, तुटक फटकारे होऊन जाते. दोन पावले मागे सरले की ते फटकारे पुन्हा एक होतात आणि काठ झळाळू लागतो. हे मागेपुढे होणे तीन-चार वेळा करावे, मुलांकडून तर आवर्जून करून घ्यावे. छापील चित्रावर हा अनुभव येत नाही, आणि आपल्यापैकी बहुतेकांनी रविवर्मा पाहिला आहे तो छापील, घरातल्या देवघरावरच्या भिंतीवर. त्याने १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचल्या. त्या छापांत एकेका रंगासाठी वेगळा दगड लागत असे आणि सारे रंग एकावर एक बसले की चित्र पुरे होई. हाताने केलेले ते फटकारे मात्र दगडावर जसेच्या तसे उतरत नाहीत. म्हणून औंधला यायचे.

आता या एका चित्राभोवती कोणते प्रदर्शन भरवता येईल ते पाहा. औंधच्याच संग्रहात बाबूराव पेंटरांचेही काम आहे. कोल्हापूरचे बाबूराव मेस्त्री, म्हणजे बाबूराव पेंटर, नाटकांचे पडदे रंगवता रंगवता चित्रपटाकडे वळले, आणि त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा १९२० मध्ये आलेला पहिला चित्रपट होता ‘सैरंध्री’. त्या चित्रपटाच्या आधी रंगभूमीवर कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ मध्ये येऊन गेले होते. कीचकात प्रेक्षकांना व्हाइसरॉय राहिलेला लॉर्ड कर्झन दिसला आणि १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. बाबूरावांच्या चित्रपटात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या, ही त्या काळी मोठी गोष्ट होती. म्हणजे विराटाच्या महालातली ती एक दासी तीस-एक वर्षांच्या काळात कॅनव्हासवरून रंगमंचावर आणि रंगमंचावरून पडद्यावर गेली, आणि प्रत्येक ठिकाणी तिचा अर्थ बदलला. रविवर्म्यापुढे ती एक घाबरलेली सुंदर स्त्री होती, खाडिलकरांच्या प्रेक्षकांपुढे ती पारतंत्र्यातली प्रजा झाली. चित्रकार आणि चित्रपटकार दोघांचेही मूळ काम ज्या संग्रहालयाच्या भिंतीवर आहे, तिथे हे प्रदर्शन एका खोलीत मावेल. मूळ चित्र मध्यभागी, एका बाजूला नाटकाच्या जुन्या जाहिराती आणि बंदीविषयीच्या वृत्तपत्रांतल्या बातम्यांच्या प्रती, दुसऱ्या बाजूला बाबूरावांची चित्रे आणि चित्रपटाची छायाचित्रे. याला फार मोठा खर्च नाही. त्यासाठी कोणी तरी मन लावून जुळवाजुळव करायला हवी.

दुसरे थांबायचे ठिकाण हेन्री मूरच्या दगडी ‘माता आणि बालक’ या शिल्पाचे. पुष्कळ लोक ते ओलांडून पुढे जातात, कारण रविवर्म्याच्या नायिकांवरून आलेली नजर त्या दगडावर एकदम ठरत नाही. इथे घाई करू नये. मूर १८९८ मध्ये यॉर्कशरमधल्या कॅसलफर्ड या खाणींच्या गावात एका खाणकामगाराच्या घरी जन्मला. तरुणपणी त्याने साच्यात ओतलेल्या मूर्तीपेक्षा थेट दगडात छिन्नीने कोरणे पत्करले, आणि दगडाने दगडासारखेच दिसले पाहिजे, त्याला मऊ कातडीचा आभास देण्याचा खटाटोप करू नये, ही गोष्ट तो हट्टाने धरून राहिला. मेक्सिकोतल्या प्राचीन शिल्पांचा त्याच्यावर मोठा परिणाम झाला. आई आणि मूल हा विषय त्याने आयुष्यभर सोडला नाही.

या शिल्पाभोवती संथपणे फिरून पाहिले की एक गोष्ट जाणवते. आई आणि मूल यांच्यामध्ये दगड पुरता सुटा केलेला नाही. जिथे आपल्या मूर्तिकाराने हात वेगळा, मांडी वेगळी, बाळाची बोटे वेगळी दाखवली असती, तिथे मूरने वजन तसेच ठेवले आहे आणि त्या वजनानेच कवटाळणे दिसते. टेकडीवरच्या, गावातल्या आणि रस्त्याकडेच्या शेंदूर फासलेल्या देवी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे शिल्प परके वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडच्या कितीतरी सटवाई, मरीआई, जोगुबाई अशाच आहेत: दगड फारसा न बदलता त्यात देवी ओळखलेली. मूरने हे आपल्या गावांवरून घेतलेले नाही, आणि तसा दावा कोणी करूही नये. पण पाहणाऱ्याच्या डोळ्यांना या दोन्ही गोष्टी एकत्र आणण्याचा अधिकार आहे. मूरचे मोठे प्रदर्शन १९८७ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात भरले होते, तेव्हा देशभरातून चित्रकार ते पाहायला गेले. त्याच मूरचे एक शिल्प यमाईच्या टेकडीवर कायमचे आहे, ही गोष्ट साताऱ्यातल्या प्रत्येक चित्रकला शिक्षकाने वर्गात सांगायला हवी.

इथे दुसरे प्रदर्शन सुचते: नुसते ‘आई आणि मूल’. मूरचे शिल्प, संग्रहातल्या लघुचित्रांतले यशोदा-कृष्ण, रामायणचित्रांतली कौसल्या, आणि शेजारच्या गावांतल्या लोकांनी आणून दिलेली जुनी घरगुती छायाचित्रे. शेवटच्या भागाबद्दल कोणी नाक मुरडेल, पण प्रादेशिक संग्रहालयाचे बळ नेमके तिथेच असते. मोठ्या शहरातल्या दालनाला खटाव तालुक्यातल्या घरांतले फोटो मिळणार नाहीत, औंधला मिळतील.

संग्रहातल्या धुरंधरांविषयी थोडक्यात. महादेव विश्वनाथ धुरंधर कोल्हापूरचे, जन्म १८६७ चा, आणि मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत आधी विद्यार्थी, मग शिक्षक म्हणून त्यांचे अवघे आयुष्य गेले. गर्दी रंगवण्यात त्यांचा हात धरणारा त्या काळी क्वचितच कोणी असेल. मिरवणुकीतला प्रत्येक फेटा वेगळा, प्रत्येक घोडा वेगळा. २०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कामाचे सिंहावलोकन करणारे प्रदर्शन भरले, तेव्हा ‘कॅलेंडरचा चित्रकार’ म्हणून त्यांच्याकडे पाहणाऱ्या माझ्यासारख्या अनेकांचे मत बदलले. चांगले प्रदर्शन काय करते याचे हे उदाहरण आहे: चित्रे तीच असतात, पण एका क्रमाने, एका विचाराने समोर आली की चित्रकाराचे कद दिसू लागते.

सातवळेकर पिता-पुत्रांकडे मात्र पुन्हा थांबायला हवे, कारण ती कथा औंधचीच आहे. वेदांचे भाष्यकार म्हणून ज्यांना सारा देश ओळखतो ते पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर मूळचे चित्रकार. मुंबईच्या कलाशाळेत शिकून त्यांनी हैदराबादला आणि लाहोरला चित्रकलेवर पोट भरले. पुढे ते औंधला आले, तिथे त्यांनी स्वाध्याय मंडळ उभे केले आणि १९४८ नंतर ते गुजरातेत पारडीला गेले. त्यांचे पुत्र माधव सातवळेकर १९१५ मध्ये जन्मले, मुंबईनंतर युरोपात शिकले आणि पुढे महाराष्ट्राचे कला संचालक झाले. वडिलांच्या पिढीची यथार्थदर्शी रंगाची शिस्त आणि मुलाच्या पिढीचे युरोपातून आलेले मोकळे, सपाट रंग यांतले अंतर एका घरातले आहे. बाप-लेकांची चित्रे समोरासमोर लावली तर महाराष्ट्रातल्या चित्रकलेचे पन्नास वर्षांतले वळण दोन भिंतींवर दिसेल. याच संस्थानात लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० मध्ये कारखान्यासाठी जागा मिळाली, आणि तेही आधी मुंबईच्या कलाशाळेत चित्रकला शिकायलाच गेले होते. रंग ओळखण्यातल्या दोषामुळे त्यांना ती सोडून यांत्रिक रेखांकनाकडे वळावे लागले. बाळासाहेबांच्या या लहानशा राज्यात कुंचल्याशी नाते असलेली इतकी माणसे जमली, हा योगायोग मला फार महत्त्वाचा वाटतो.

बदलत्या प्रदर्शनांचा माझा आग्रह केवळ पाहणाऱ्यांच्या हौसेसाठी नाही, चित्रांच्या आयुष्यासाठी आहे. तैलचित्राला उजेड पुष्कळ सोसतो. दोनशे लक्सपर्यंतच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) प्रकाशात ते वर्षानुवर्षे राहू शकते. कागदावरच्या चित्राचे तसे नाही. लघुचित्रे, जलरंग, शाईची रेखाटने यांच्यासाठी जगभरची संग्रहालये पन्नास लक्सची मर्यादा पाळतात, आणि त्यातही काही महिने मांडून झाले की त्यांना अंधारात विश्रांती देतात. लाखेचा लाल आणि हरताळाचा पिवळा हे आपल्या जुन्या चित्रांतले लाडके रंग, आणि उजेडाने उडणाऱ्या रंगांत त्यांचाच नंबर वरचा. उडालेला रंग परत आणता येत नाही. उजेडाचा परिणाम साठत जातो. दहा वर्षे मंद उजेड आणि एक वर्ष लखलखाट यांची बेरीज जवळपास सारखीच भरते. म्हणून ज्या संग्रहात पहाडी, राजस्थानी आणि मोगल शैलीची लघुचित्रे आहेत, त्या संग्रहात ती थोडी थोडी, आळीपाळीने दाखवणे हाच त्यांना जपण्याचा मार्ग आहे. दर चार महिन्यांनी पंधरा-वीस लघुचित्रे एका विषयाने निवडावीत, एकदा ऋतू, एकदा नायिका, एकदा रामकथा, आणि त्या-त्या वेळी तीच नीट, जवळून, मंद उजेडात दाखवावीत. पाहणाऱ्याला पुन्हा येण्याचे निमित्त मिळते आणि बाकीच्या चित्रांना अंधार मिळतो.

उजेड चुकला तर काय होते हे मी दुसऱ्या एका शहरातल्या दालनात अनुभवले आहे; त्या दालनाचे नाव घेण्याचे कारण नाही. काचेच्या चौकटीतल्या जलरंगांसमोर नळीचे दिवे असे लावले होते की प्रत्येक चित्रात आधी माझाच चेहरा आणि मग दिव्याची पांढरी पट्टी दिसत होती. मान वाकडी करून, हाताचा आडोसा धरून मी पंधरा मिनिटे झगडलो आणि शेवटी चित्रे न पाहताच बाहेर आलो. मनाला लागलेली गोष्ट ही, की माझ्यासोबत आलेल्या तरुण मुलाला त्या दिवशी वाटले चित्रेच कंटाळवाणी आहेत. चित्रांचा काही दोष नव्हता.

प्रादेशिक संग्रहालयात तात्पुरत्या प्रदर्शनाला लोक येतील का, अशी शंका नेहमी घेतली जाते. तिचे उत्तर याच जिल्ह्याने दिले आहे. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने उसनी दिलेली वाघनखे साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मांडली गेली, आणि गावोगावचे लोक ती पाहण्यासाठी आले. पुढे ती नागपूरला गेली. वाघनखांविषयी जे वाद झाले त्यात मी इथे शिरत नाही. मला महत्त्वाचे वाटते ते इतकेच, की ठरावीक मुदतीसाठी आलेली एक वस्तू नीट प्रकाशात, नीट माहितीसह मांडली तर आपली माणसे मुलाबाळांना घेऊन येतात. ‘अमुक तारखेपर्यंतच आहे’ या शब्दांत मोठे बळ असते. कायमची मांडणी केव्हाही पाहता येते म्हणून ती पाहायची राहून जाते.

औंधला या गोष्टीसाठी वर्षातले दोन नैसर्गिक मुहूर्त आहेत. एक पौषातली यमाईची यात्रा, जेव्हा टेकडी माणसांनी फुलते; त्या दिवसांत तैलचित्रांचे, मोठ्या आकाराचे, गर्दीतही दिसेल असे प्रदर्शन हवे, ‘सैरंध्री’सारखे. दुसरा मुहूर्त संगीताचा. पंडित अनंत मनोहर जोशी, म्हणजे अंतूबुवा, यांनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ १९४० मध्ये औंधला जो संगीत उत्सव सुरू केला तो आजही गावाचे नाव राखून आहे. रात्रभर ख्याल ऐकायला दुरून आलेला रसिक दुसऱ्या दिवशी सकाळी काय करतो? त्याच्यासाठी रागमाला (रागांची चित्रे) किंवा नायिकाभेद (नायिकांच्या वेगवेगळ्या मनःस्थिती) अशा विषयावरचे लघुचित्रांचे छोटे प्रदर्शन त्याच आठवड्यात भरवले, तर ऐकलेले आणि पाहिलेले एकमेकांत मिसळेल. त्या उत्सवाच्या दिवसांत असे प्रदर्शन पाहायला मिळावे ही माझी जुनी इच्छा आहे.

आणि एक प्रदर्शन असे आहे की ते सगळ्यांत आधी व्हावे: खुद्द बाळासाहेबांच्या चित्रांचे. राजा चित्र काढतो याचे कौतुक त्यांच्या हयातीत पुष्कळ झाले असेल, पण चित्रकार म्हणून त्यांची कसोटी अजून कोणी नीट घेतलेली नाही असे मला वाटते. महाभारतासाठी चित्रे काढताना त्यांनी जुनी शिल्पे आणि भित्तिचित्रे यांवरून वेश, दागिने, रथ, शस्त्रे उचलली. रविवर्म्याने द्रौपदीला आपल्या काळातल्या घरंदाज स्त्रीसारखी साडी नेसवली; बाळासाहेबांना वाटले की महाभारतातल्या स्त्रीचा वेश महाभारतासारखाच जुना असावा, आणि तो शोधायला ते लेण्यांकडे गेले. या दोन भूमिका एकमेकींच्या अगदी विरुद्ध आहेत, आणि ज्याने रविवर्मा इतक्या प्रेमाने जपला त्यानेच स्वतः काढताना त्याची वाट सोडली. रविवर्म्याची द्रौपदी आणि बाळासाहेबांची द्रौपदी शेजारी लावून हा प्रश्न प्रेक्षकांपुढे ठेवावा. माझे मत विचाराल तर भाव रविवर्म्याकडे आहे आणि शोध बाळासाहेबांकडे. घरी न्यायला मी रविवर्मा निवडीन, पण विचार करायला लावणारी चित्रे दुसरी आहेत.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यावहारिक. साताऱ्याहून औंध चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर आहे. रेल्वेने यायचे तर पुणे-मिरज मार्गावरचे रहिमतपूर हे सोयीचे स्थानक. संग्रहालय राज्य शासनाच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहे, तेव्हा निघण्याआधी साप्ताहिक सुट्टी आणि वेळ यांची खात्री करून घ्यावी. दोन तास तरी हाती ठेवावेत, आणि त्यातला पाऊण तास फक्त तीन-चार चित्रांना द्यावा. सगळे पाहण्याच्या नादात काहीच लक्षात राहत नाही. मुले बरोबर असतील तर आत शिरण्यापूर्वी पायरीवर बसून त्यांना सैरंध्रीची गोष्ट सांगावी. घरात आजी असेल तर तिलाच सांगू द्यावी.

मी पावसाळा सरल्यावर पुन्हा जाणार आहे, या वेळी केवळ लघुचित्रांसाठी, आणि बरोबर एक चांगले भिंग नेणार आहे.